वाणीचा शरीरव्यापार

मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना थेरी वितर्क व विचार यांना वचीसंखार म्हणतात. आधी चित्तात विचार, मग मुखातून वाणी. या दोहोंमध्ये शरीरात काय घडते, ते येथे आम्ही मांडत आहोत.

भंडारा जिल्ह्यातील, प्राचीन स्तूपांच्या अवशेषांमुळे ख्यातनाम झालेल्या ‘पवनी’चेच नाव उच्चारून पाहावे. ‘प’साठी ओठ मिटतात, ‘व’साठी खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, ‘न’साठी जिभेचे टोक दातांमागे टेकते आणि मृदुतालू खाली येऊन श्वास नाकावाटे जातो. या हालचालींची आखणी बहुतेकांत मेंदूचा डावा भाग करतो. लहान मेंदू त्यांचा वेळ व वेग जुळवितो. मज्जातंतू ओठ, जीभ व स्वरयंत्राच्या स्नायूंपर्यंत आज्ञा पोहोचवितात.

बोललेले समजणाऱ्या, परंतु एकच अक्षर उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर १८६१ साली पॉल ब्रोका यांनी मेंदूच्या डाव्या पुढील भागातील इजा दाखवून दिली. तात्पर्य हे की, पक्षाघाताने वाणी खुंटलेली व्यक्ती निर्बुद्ध ठरत नाही आणि तिला कोणी ‘धरलेले’ही नसते. कारण शरीरात आहे. म्हणून अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि तिच्याशी बोलणे थांबवू नये, हीच आमच्या मते खरी करुणा होय.