सोने संपण्याआधीच बंद पडलेली खाण

बंगळूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर मारिकुप्पम नावाचे स्टेशन आहे. रूळ इथेच संपतात. पहाटेच्या अंधारात इथून बंगळूरकडे गाड्या सुटतात, तेव्हा डब्यात बसायला जागा मिळणे कठीण. जेवणाचे डबे घेतलेली ही माणसे बंगळूरच्या कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत कामाला निघालेली असतात. रात्री ती झोपायला परत येतात. गंमत अशी, की १८९४ साली हा लोहमार्ग टाकला तो नेमका उलट्या कारणासाठी. बाहेरची माणसे आणि यंत्रे कामासाठी इथे आणायची होती!

हे कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ. २०१८ साली याच नावाचा कन्नड चित्रपट देशभर गाजला आणि ही तीन अक्षरे घरोघरी पोहोचली. पण चित्रपटातली कथा कल्पनेतली. खऱ्या खाणीने सव्वाशे वर्षांच्या आसपास काम केले, सुमारे आठशे टन सोने दिले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती बंद झाली.

तेलाच्या दिव्याच्या उजेडात

इथल्या मातीत सोने आहे, हे इंग्रजांना १८०२ साली कळले. गावकऱ्यांना ते केव्हापासून ठाऊक होते, कुणास ठाऊक! टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याची हद्द आखण्याच्या कामावर लेफ्टनंट जॉन वॉरन हा अधिकारी होता. सोन्याच्या दंतकथा त्याच्या कानावर आल्या. सोने दाखवणाऱ्याला बक्षीस देऊ, असे त्याने जाहीर केले. गावकऱ्यांनी गाडीभर माती आणली आणि त्याच्यासमोर धुतली. तळाशी सोन्याचे कण चमकले.

मारिकुप्पमजवळ त्याला खोल खड्डे दिसले. तेलाचे दिवे घेऊन माणसे आत उतरत, दगड फोडत आणि टोपल्या हातोहात वर पाठवत. वर बायका तो दगड कुटून, धुऊन कण वेगळे करत. वॉरनचा अहवाल छापला गेला आणि पुढे जवळजवळ सत्तर वर्षे त्याकडे फारसे कुणी गांभीर्याने पाहिले नाही.

मग मायकेल लॅव्हेल नावाचा एक आयरिश सैनिक आला. न्यूझीलंडच्या लढाईवरून परतून तो बंगळूर छावणीत राहिला होता. जुना अहवाल त्याच्या वाचनात आला आणि १८७१ साली तो बैलगाडीने कोलारकडे निघाला. १८७५ मध्ये त्याला खाणीचा परवाना मिळाला. पण त्याच्याकडे भांडवल नव्हते. १८८० च्या सुमारास लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी उतरली. सुरुवातीला तिलाही सोने सापडेना. पैसे संपत आले आणि भागधारक काम बंद करा म्हणू लागले. शेवटच्या प्रयत्नात खाणीच्या प्रमुखाने नवे खड्डे खणणे सोडून स्थानिकांच्या जुन्या, बुजलेल्या खड्ड्यांचा माग काढला. त्यांच्याच खाली चॅम्पियन रीफची प्रसिद्ध शीर लागली. ज्या निनावी खाणकामगारांनी वाट दाखवली, त्यांचे नाव कोणत्याही शाफ्टला दिलेले नाही. साहेबांची नावे मात्र जागोजागी आहेत.

गारगोटीतले सोने

इथे सोने आले तरी कुठून? त्यासाठी सुमारे २७० कोटी वर्षे मागे जावे लागते. त्या काळी समुद्राच्या तळाशी लाव्हा उसळून बेसॉल्टचे थर साचले. सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. कोलारच्या खडकाचे वय त्याच्या चाळीसपट आहे. पुढे प्रचंड दाब आणि उष्णतेने ते थर चेपले, मुडपले, त्यांचे रूप बदलले. उत्तर-दक्षिण असा सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार किलोमीटर रुंद पट्टा उरला. त्याच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटसारखे खडक आहेत.

या खडकांत भेगा पडल्या. खोलवरून आलेले कढत पाणी त्या भेगांतून वर चढले. त्या पाण्यात सिलिका आणि सोने विरघळलेले होते. पाणी निवत गेले तशी भेगांत पांढरी गारगोटी जमली आणि तिच्याबरोबर सोनेही. ही चॅम्पियन शीर सुमारे आठ किलोमीटर लांब, पण जाडी सरासरी मीटरभर. वर ती पश्चिमेकडे कललेली आणि खाली गेल्यावर जवळजवळ उभी होते. भिंतीत उभी चिणलेली फळी डोळ्यांसमोर आणा. ती फळी काढायची, म्हणजे तिच्यामागोमाग खालीच जायला हवे.

आणि माणसे खाली गेली. चॅम्पियन रीफची खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल पोहोचली. एके काळी जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होई. एकाच पिंजऱ्याने तळ गाठता येत नसे, मध्ये पिंजरे बदलावे लागत. बोगद्यांची एकूण लांबी हजार किलोमीटरच्या वर गेली.

खडक फुटतो तेव्हा

तळाशी खडकाचे तापमान साठ अंशांच्या पुढे. यंत्रांनी थंड केलेली हवा वरून सोडल्याशिवाय तिथे उभे राहणे अशक्य. उष्णतेपेक्षा मोठे भय दाबाचे. तीन किलोमीटर खडकाचे ओझे म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर तीन-साडेतीन टन! शीर काढून घेतली की ती पोकळी हे ओझे पेलू शकत नाही. बाजूचा खडक अचानक तोफेसारखा फुटतो. याला रॉक बर्स्ट म्हणतात. कोलारमध्ये १८९८ पासून त्याची नोंद आहे. मोठा स्फोट झाला की वर गावातल्या घरांनाही भूकंपासारखा हादरा बसे आणि ज्यांची माणसे पाळीवर असत, त्या बायका शाफ्टच्या तोंडाशी धावत. पोकळीत ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या भिंती रचणे, पुढे काँक्रीट भरणे, असे उपाय झाले. स्फोट कमी झाले, पण थांबले नाहीत. शिवाय फुफ्फुसांत बारीक धूळ साचून होणारा सिलिकॉसिस.

हे सगळे सोसले ते मुख्यतः तमिळ मुलखातून आलेल्या, बहुसंख्य दलित कुटुंबांनी. साहेबांसाठी क्लब आणि बंगले होते, ‘लिटल इंग्लंड’ असे लाडके नाव होते. कामगारांच्या वाट्याला तट्ट्यांच्या आणि पत्र्यांच्या खोल्यांच्या रांगा. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम येथून १४७ किलोमीटर तारा ओढून खाणीला वीज आणली. बंगळूर शहरात वीज आली ती १९०५ साली. याच वस्त्यांत आंबेडकरी विचार खोल रुजला. महाराष्ट्राबाहेर रिपब्लिकन पक्षाचा आमदार निवडून देणाऱ्या मोजक्या मतदारसंघांपैकी केजीएफ हा एक.

मुंबईचेही या खाणीशी एक नाते आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकापासून इथे वैश्विक किरणांवर प्रयोग केले. वरचा खडक इतर किरण अडवतो, न्यूट्रिनो मात्र त्यातून सहज जातात. १९६५ साली जपान आणि ब्रिटनमधील शास्त्रज्ञांच्या साथीने, २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो टिपले गेले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही असाच शोध लागला.

हिशेब चुकला कुठे?

सुरुवातीला एक टन दगडातून चाळीस ग्रॅमच्या वर सोने निघे. शेवटी ते तीन ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे तोळाभराच्या बांगडीसाठी तीन किलोमीटरवरून चार टन दगड वर आणायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात मुरवायचा. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर राज्याकडे, १९६२ मध्ये केंद्राकडे आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे आल्या. तोट्याचे आकडे फुगत गेले. खोलात सोने आहे, पण ते काढणे परवडत नाही, असा निर्णय झाला. त्या वेळी जागतिक बाजारात सोने औंसाला पावणेतीनशे डॉलरच्या आसपास होते. पुढच्या वर्षांत भाव कित्येक पटींनी चढला, हे आपण सगळ्यांनी लग्नसराईत अनुभवले आहे. काही वर्षे कळ काढली असती तर? तसे म्हणणे सोपे आहे. त्या खोलीवर माणसांना आणखी किती वर्षे उतरवायचे, हा प्रश्न भावाने सुटत नाही. पण हजारो कुटुंबांना दुसरे काम उभे करून देण्याआधीच खाणीला टाळे लागले, हा दोष मात्र नाकारता येणार नाही.

पंप थांबले आणि बोगदे पाण्याने भरत गेले. वर राहिली आहेत दळलेल्या दगडाची करडी-पांढरी, सपाट माथ्याची टेकाडे. तीन कोटी टनांहून अधिक चोथा त्यांत आहे. वाऱ्याच्या दिवसांत त्याची पूड उडते, घरात, पाण्याच्या हंड्यात, डोळ्यांत जाते. या टेकाडांतही थोडे सोने उरले आहे. ते काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली. त्यातून गावातल्या किती मुलांना काम मिळणार, हा सवाल मारिकुप्पमच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसांचा आहे. तोपर्यंत पहाटेची गाडी आहेच.