फाळक्यांचा वाटाणा आणि तारामतीचे लुगडे

१९१२ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत राहत्या घरी कुंडीत वाटाणे पेरले आणि त्यांच्या वाढीचे चित्रण केले. बी रुजते, कोंब माती फोडून वर येतो, वेल आधार शोधते, एवढाच त्या फिल्मचा विषय. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. 'राजा हरिश्चंद्र' या त्यांच्या चित्रपटाच्या निर्मितीच्या कथेत तिला भांडवल मिळवून देणारी युक्ती म्हणून चार ओळी मिळतात आणि चरित्रकार पुढे सरकतात. आपल्याकडच्या निसर्गचित्रपटाचा आरंभ म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात तैलरंग व जलरंग हाताळले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रोत्साहनाने ते फोटोलिथो आणि तीन रंगांचे ठसे शिकले. आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती, गोध्र्यातला फोटोचा धंदा, नाटक कंपन्यांचे पडदे आणि बडोद्यात आलेल्या जर्मन जादूगाराकडून घेतलेली जादूची विद्या ही पुढची यादी. जादूचे प्रयोग ते 'प्रोफेसर केल्फा' या नावाने करीत. फाळके हेच आडनाव उलटे फिरवलेले. मग पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक, पुढे लोणावळ्यात छापखाना, १९०९ मध्ये यंत्रसामग्रीसाठी जर्मनी, आणि भागीदारांशी बिनसल्यावर सगळ्यावर पाणी. चाळिशी उलटलेल्या या माणसाला धरसोड्या म्हणणारे तेव्हा पुष्कळ असतील. पण त्या प्रत्येक छंदाची नंतर चित्रपटात गरज पडली.

त्यांना चित्रपटाचे वेड लागले ते गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून, हे सर्वश्रुत आहे. 'नवयुग' मासिकातल्या लेखमालेत फाळक्यांनी त्यासाठी १९१० हे साल दिले आहे, तर चरित्रांत १५ एप्रिल १९११ ही तारीख आढळते. तो चित्रपट ॲलिस गी यांचा की पाथे कंपनीचा, याबद्दलही अभ्यासकांचे एकमत नाही. चरित्रांतली आदल्या दिवसाची हकीकत मात्र बहुधा गाळली जाते. त्या दिवशी फाळके थोरल्या भालचंद्रला घेऊन त्याच थिएटरात गेले होते आणि त्यांनी पाहिला तो प्राण्यांचा चित्रपट होता. पडद्यावर चालते-फिरते प्राणी पाहिल्याचे मुलाने घरी सांगितले, पण कोणाचाच विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे घर थिएटरात गेले. ही हकीकत खरी धरली, तर पडद्यावरच्या ख्रिस्ताच्या जागी मनोमन कृष्णाला पाहण्याआधी फाळक्यांनी पडद्यावर जनावरे पाहिली होती. वाटाण्याची कुंडी मग इतकी अनपेक्षित वाटत नाही.

पुढचे वर्ष अहोरात्र चित्रपट पाहण्यात, खेळण्यातल्या प्रोजेक्टरवर प्रयोग करण्यात आणि त्यापायी डोळे बिघडवून घेण्यात गेले. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी मदत केली, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहायला मिळाला, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी झाली आणि १ एप्रिलला ते मुंबईत परतले.

वाटाण्याचा वाद इथे सुरू होतो. काही अभ्यासक हे चित्रण लंडनला जाण्याआधीचे मानतात: ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे दिले आणि प्रवास घडला. दुसऱ्या मताप्रमाणे विल्यमसन कॅमेरा हाती आल्यावर, म्हणजे १९१२ च्या उन्हाळ्यानंतर, ते झाले आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज मिळवायला नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांना दाखवले गेले. पहिल्या मताच्या बाजूने वाटाण्याचीच साक्ष काढता येते. वाटाणा थंडीतले पीक आहे. मुंबईच्या पावसाळी दमटपणात कोंब येईल, पण वेल महिनाभर तरारून राहणे कठीण. शिवाय महिनाभर लागेल तो स्थिर उजेड जून-जुलैच्या आभाळाखाली कुठून मिळणार? दुसऱ्या मताची बाजू यंत्राची आहे. एकेक चौकट मोजून टिपायला भरवशाचा कॅमेरा लागतो आणि लंडनपूर्वी फाळक्यांच्या हाती होते ते जवळजवळ खेळणेच. यंत्राची अडचण ऋतूच्या अडचणीपेक्षा मोठी आहे. म्हणून दुसरे मत अधिक पटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गणिताची. रोज एक चौकट घेत महिनाभर चित्रण केले आणि मिनिटभराची फिल्म तयार झाली, असे सर्रास लिहिले जाते. मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६ चौकटी. मिनिटाला ९६० चौकटी लागतात. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, तेव्हा ही ६० फूट फिल्म झाली. रोज एकच चौकट घेतली, तर ३० दिवसांचे चित्रण दोन सेकंदांतच संपते. कॅमेऱ्याच्या हँडलचा एक फेरा म्हणजे ८ चौकटी. रोज एक फेरा धरला, तरी महिन्याच्या २४० चौकटींचे १५ सेकंदच होतात. मिनिट भरायचे, तर दिवसाला सरासरी ३२ चौकटी घ्याव्या लागतात. म्हणजे फाळके दिवसातून एकदा कुंडीपाशी जाऊन मोकळे होत नव्हते. एक तर फिल्म मिनिटभराची नव्हती, किंवा ते दिवसभर ठरावीक अंतराने कॅमेऱ्याशी जात होते. त्यांच्या हातून झालेली इतर कामे पाहता दुसरी शक्यताच खरी वाटते.

असे प्रयोग युरोपात झालेले होते. लाइपझिगच्या विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या आसपास रोपांच्या हालचाली चित्रित केल्या होत्या, आणि पर्सी स्मिथचा 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' १९१० मध्ये इंग्लंडमध्ये गाजला होता. फाळक्यांनी तो पाहिला असो वा नसो, वाटाण्याची निवड चोख होती. वाटाण्याचा शेंडा वाढताना गोल फिरत राहतो आणि आधार लागला की वेलीचे तणाव, म्हणजे नाजूक तंतू, त्याला वेढे घालतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ही हालचाल चौकटी जोडल्या की स्पष्ट दिसते. काळ दाबून दाखवण्याची ही कला त्यांनी पुढेही सोडली नाही. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या आणि 'लक्ष्मीचा गालिचा'मध्ये नाणी याच पद्धतीने पडद्यावर हलली.

कर्ज मिळाल्यावर दादरच्या मथुरा भवनात 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' उभी राहिली. पटकथा, दिग्दर्शन, रंगभूषा, संकलन आणि फिल्म धुण्याचे काम फाळक्यांकडे होते. कॅमेरा त्र्यंबक तेलंग सांभाळत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचे जेवण रांधून रात्री कच्च्या फिल्मला भोके पाडत आणि दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. स्त्रीपार्टाला बाई मिळाली नाही. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातले आचारी अण्णा साळुंके महिना पंधरा रुपयांवर हरिश्चंद्राची राणी तारामती झाले. वडील हयात असताना मिशा काढायच्या कशा, या पेचात नटमंडळी अडल्याची आठवण प्रसिद्धच आहे.

कपड्यांचे काम वाटते त्याहून अवघड होते. नाटकात शालू-पैठणीचा रंग प्रेक्षकांचे डोळे दिपवतो. त्या काळची फिल्म मात्र लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती: लाल काळा उमटे, निळा पांढरा पडे. कुंकू काळे, लालभडक शालू शोकवस्त्रासारखा आणि निळे आभाळ कोरे. कृष्णधवल पडद्यासाठी कपडे निवडायचे, तर प्रत्येक रंगाचे करड्या छटेत काय होईल हे आधी कळायला हवे. तीन रंगांचे ठसे करताना गाळणीच्या काचेतून एकेक रंग वेगळा काढावा लागतो. ते काम वर्षानुवर्षे केलेल्या फाळक्यांना ही दृष्टी आयती मिळालेली होती. मुंबईतल्या दुसऱ्या कोणा नाट्यनिर्मात्यापाशी ती असण्याचा संभव कमी.

पेहरावाचा नमुनाही लोणावळ्याहूनच आला. तिथल्या छापखान्यात फाळके रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचे काम करीत. सीता, दमयंती, लक्ष्मी यांना काठापदराची वस्त्रे नेसवून रविवर्म्याने पुराणातल्या स्त्रीचे रूप घराघरांत पक्के केले होते. पडद्यावरच्या तारामतीला प्रेक्षकांनी ओळखले, कारण ती त्यांच्या भिंतीवर टांगलेलीच होती. नाटक कंपनीची पद्धतही घरात होती. सरस्वतीबाई किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातल्या. उपलब्ध रिळात स्नानाचा प्रसंग आहे. तारामती आणि तिच्या सख्या पाण्यात भिजलेल्या वस्त्रांत दिसतात, आणि त्या सगळ्या पुरुष आहेत. ओले कापड अंगाला चिकटले की सोंग उघडे पडते. तरीही फाळक्यांनी तो प्रसंग टाळला नाही, यातच त्यांचा स्वतःच्या वेशभूषेवरचा विश्वास दिसतो. 'लंकादहन' (१९१७) मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. 'कालियामर्दन' (१९१९) मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. सुरुवातीलाच ती कृष्णाच्या पोशाखाशिवाय, नुसत्या चेहऱ्याने भाव दाखवते आणि मग मुकुटातला कृष्ण येतो. सोंग कसे घडते हे उघड करून दाखवणारा हा तुकडा आपल्या मूकपटांतला सर्वांत धीट तुकडा आहे.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याचे पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहे. ती रिळे १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही संशोधक मानतात. तसे असेल, तर आपण पाहतो ते तारामतीचे लुगडेही चार वर्षांनंतरचे आहे. वाटाण्याची फिल्म मात्र कुठेच पाहायला मिळत नाही. नायट्रेटवरची फिल्म पटकन पेट घेते, आणि जपली नाही तर चिकट होऊन तिची भुकटी होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला फाळक्यांचे निधन झाले, तोवर कितीतरी रिळे अशीच नाहीशी झाली होती.

दादर, लोणावळा, नाशिक, त्र्यंबक इथल्या जुन्या घरांत आजही जुन्या फिल्मचा एखादा पत्र्याचा गोल डबा माळ्यावर पडलेला असू शकतो. तो उन्हात किंवा दिव्याजवळ उघडू नये, भंगारातही देऊ नये. थंड जागी ठेवून पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे.