एक मिलिसेकंद कोणाचा?

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव असलेले काकती बेळगावच्या उत्तरेस पुणे–बेंगळुरू महामार्गाला लागून आहे, आणि अशा ठिकाणी घराघरांतले स्थिर फोन व भरधाव वाहनांतले फोन यांची मागणी शेजारशेजारच्या टॉवरांनाच भागवावी लागते. टॉवरकडे वाटायला फार काही नसते. 4जी तंत्रात 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे 180 किलोहर्ट्झ रुंदीचे 100 तुकडे पडतात आणि त्यांतला कोणता तुकडा कोणाला द्यायचा, हे दर मिलिसेकंदाला नव्याने ठरते. हा निर्णय घेणाऱ्या संगणकीय यंत्रणेला शेड्युलर म्हणतात.

सगळ्या मागण्यांची निकड सारखी नसते. आवाजाचा संदेश टॉवरच्या जाळ्यातून साधारण 100 मिलिसेकंदांत पोहोचावा, अशी 4जीच्या मानकाची अपेक्षा आहे, तर साध्या डाउनलोडला 300 मिलिसेकंद चालतात. सेवेची गुणवत्ता म्हणतात ती अशा हमींच्या प्रतवारीला. वायमॅक्स या आधीच्या तंत्रातही अशा पाच प्रती होत्या. मात्र हमी पाळण्यासाठी वाटप कोणत्या रीतीने करावे, हे दोन्ही मानकांनी उपकरण बनवणाऱ्यांवर सोपवले, आणि न्यायाचा खरा प्रश्न तिथेच दडलेला आहे.

ज्याचा सिग्नल सर्वांत चांगला त्यालाच प्रत्येक वेळी पाळी दिली, तर टॉवरची एकूण कमाई वाढते, पण दूरच्या वस्तीतला ग्राहक उपाशी राहतो. सर्वांना पाळीपाळीने समान वेळ दिला, तर कोणाचा सिग्नल केव्हा जोरात आहे, या माहितीचा उपयोगच होत नाही. यांतला मध्यममार्ग म्हणजे प्रमाणबद्ध न्याय्य वाटप, ज्यात फोनला या क्षणी मिळू शकणारा वेग त्याला आजवर मिळालेल्या सरासरी वेगाने भागतात आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला पाळी देतात. समजा, टॉवरजवळच्या फोनला आत्ता 40 मेगाबिटचा वेग शक्य आहे आणि त्याची सरासरी 20 आहे, तर दूरच्या फोनला जेमतेम 4 शक्य आहे, पण त्याची सरासरी 1 आहे: भागाकार अनुक्रमे 2 आणि 4 येतात, म्हणून पाळी दूरच्याला मिळते. सिग्नल सतत कमीजास्त होत असल्याने प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या भरतीच्या क्षणी गाठणारी ही युक्ती देखणी आहे, यात शंका नाही. तिला मुदतीचे भान मात्र नसते, म्हणून रांगेत किती वेळ तिष्ठावे लागले, तोही गुणक तिच्यात मिसळणारी सूत्रे पुढे आली.

हे सारे फोन पाठवत असलेल्या सिग्नलच्या अहवालावर चालते, आणि महामार्गावर तोच शिळा होतो. 2010 च्या लिलावात भारतात वायरलेस ब्रॉडबँडसाठी दिल्या गेलेल्या 2300 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 13 सेंटिमीटर आहे. ताशी 90 किलोमीटरने जाणारी मोटार 5 मिलिसेकंदांत जवळपास तेवढेच अंतर कापते, आणि तेवढ्यात सिग्नलचा चढ उतारात बदललेला असू शकतो. अशा फोनसाठी शेड्युलरला क्षणाच्या अहवालापेक्षा सरासरीवर भरवसा ठेवावा लागतो आणि बिघडलेला संदेश पुन्हा पाठवण्याची तजवीज करावी लागते.