पेटीआधी फोन

गेल्या चैत्रात बदलापूरच्या आत्याशी बोलताना लक्षात आलं, की गावाहून आम्हां दोघींना एकच बातमी दोन तऱ्हांनी आली होती. काकू मला म्हणाली होती, "यंदा आंबा कमी आहे." आत्याला तिने सांगितलं होतं, "यंदा आंबा उशिरा आहे." दोन्ही खरं होतं. म्हणून यंदा तोड सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम पावसजवळच्या आमच्या घरी गेले आणि पडवीत काकूच्या शेजारी बसले.

ऊन चढायच्या आत गडी घळ घेऊन झाडावर असतात. फळ देठासकट काढतात, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. मग निवड, मग पेंढा घालून पेट्या भरणं. ते काम काका आणि दोन नेपाळी गडी बघतात. काकू पडवीच्या टोकाला बसते, मांडीवर लांब वही आणि हाताशी फोन. "३७ घरं आहेत गो," मी बसते न बसते तोच ती म्हणाली.

बाग पणजोबांची. सातबाऱ्यावरची नावं वाढत गेली, झाडं तेवढीच राहिली. मुंबई, पुणे, बेळगाव, इंदूर. न्यू जर्सीच्या पुतण्याची पेटी ठाण्याला भावाकडे जाते. एकमेकांशी न बोलणारी दोन घरंही या ३७मध्ये आहेत, आणि त्यांच्या पेट्या एकाच टेंपोतून जातात. पण पेटी निघायच्या आधी प्रत्येक घरी काकूचा फोन जातो. तिच्या सासूबाई हेच पोस्टकार्डावर लिहीत.

घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कैऱ्यांचे फोटो पडतात, खाली अंगठे उमटतात. काकूचा त्यावर राग नाही, पण भरवसाही नाही. "ग्रुपवर टाकलं की कुणी म्हणत नाही, मला कळवलं. म्हणतात, टाकलं होतं."

फोनवरचा क्रम ठरलेला. आधी विहिरीचं पाणी, मग आंबा, मग माणसं. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, थंडी उशिरा पडली, मोहोर मागे गेला. मार्चच्या उन्हात सुपारीएवढी फळं गळून गेली. मजकूर हाच, पण पुण्याच्या भाऊजींना फुलकिडे आणि फवारण्यांचा खर्च तपशिलात हवा असतो, तो ती वहीत बघून सांगते. मुंबईच्या नातसुनेला दोन वाक्यं पुरतात. आत्याचं मी विचारलंच. "कमी म्हटलं तर वन्सं म्हणतील, माझी पेटी राहू दे, पोरांना द्या. पंच्याऐंशीच्या बाईला माहेरच्या आंब्याला नको कशाला म्हणायला लावायचं?"

मला राहून राहून आठवतो तो इंदूरचा फोन. धाकटे काका मार्गशीर्षात गेले. वहीत पत्ता त्यांच्या नावाने होता. सकाळी त्या पानाशी आल्यावर काकूने पान उलटून पुढचा नंबर लावला. जेवणं झाली, पडवीत पेंढ्याचा कोरडा वास आणि चिकाचा उग्र दर्प कोंदला होता, तेव्हा तिने ते पान पुन्हा काढलं. सुरुवात नेहमीचीच: विहिरीला पाणी आहे, मेअखेर पुरेल. आंबा सांगून झाला. मग म्हणाली, "अगो, पेटीवर यंदा तुझं नाव घालते. चालेल ना?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकू "हो, हो, पत्ता तोच" एवढंच बोलली. वहीतलं जुनं नाव तिने खोडलं नाही. त्याखाली जावेचं नाव बारीक अक्षरात लिहिलं. पेट्यांवर नावं एरवी गडी घालतात. इंदूरच्या पेटीवर मात्र मार्कर तिने स्वतः चालवला.

कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं काकांना फार अप्रूप. त्यांच्या हिशेबाच्या वहीत फवारणी, मजुरी, खोकी, पेंढा, टेंपोचं भाडं सगळं चोख असतं. काकूचे हे दिवस कुठल्याच रकान्यात नाहीत. बागेच्या वाटण्यांचा विषय घरात अधूनमधून निघतो, आवाजही चढतात. तरी तो अजून कोर्टात गेलेला नाही, याचं मोठं श्रेय मी या फोनांना देते. कुणाला काय आधी सांगायचं, कुणापाशी किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे तिला ३७ घरांचं पाठ आहे. हे काम तिच्यानंतर कोण करणार, हे घरात कुणी अजून विचारलेलं नाही. विचारायला हवं.

संध्याकाळी सुट्टीत कोण कधी येणार ते ठरवायचं होतं. माजघरात आढी घातलेली, झोपायला जागा थोडी, म्हणून ती प्रत्येक घराला तारीख देत होती. न बोलणाऱ्या दोन्ही घरांपुढे मला १० मे दिसला. मी बोट ठेवून दाखवलं.

"बघितलंय मी," काकू म्हणाली. "दोघांची पोरं एका वयाची आहेत." आणि तिने बेळगावचा नंबर लावला.