घरच्या घरी वाचनाचा आरंभ : वर्णमालेचा क्रम व शिकविण्याचा क्रम

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा मार्ग आज आपल्याकडील काही कुटुंबे पत्करीत आहेत. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या परीक्षांना बसण्याची सोय असल्याने प्रमाणपत्राची चिंता तितकीशी उरत नाही. चिंता असते ती आरंभाची. हे पालक शाळा सोडतात, परंतु वाचन शिकवावयास बसले की शाळेचा क्रम मात्र सोडीत नाहीत : आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, शेवटी जोडाक्षरे. या क्रमाला भाषाशास्त्रीय आधार कितपत आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

वर्णमाला हे ध्वनींचे वर्गीकरण होय. उच्चारस्थान कंठाकडून ओठांकडे सरकते, तसतसे कवर्गापासून पवर्गापर्यंतचे वर्ग येतात. प्राचीन वैयाकरणांची ही कामगिरी अजोड आहे. पण ती भाषेचे पृथक्करण करणाऱ्याच्या सोयीची. ज्याने आरंभ होणारा एकही मराठी शब्द नाही, त्या ‘ङ’शी मुलाची पाचव्या घरातच गाठ पडावी आणि ‘घर’ हा शब्द पुरा करणाऱ्या ‘र’साठी त्याने सत्ताविसाव्या व्यंजनापर्यंत थांबावे, यात अध्यापनाची सोय कोणती? उलट आ, ई, क, घ, त, ब, म, र एवढी अक्षरे व काना हाती आला की आई, बाबा, काका, मामा, घर, मका हे शब्द सिद्ध होतात. ‘बाबा, काम करा’ हे वाक्यदेखील होते, आणि ते वाचण्यात मुलाला निराळाच आनंद मिळतो!

खरी अडचण पुढेच आहे. ‘घ’ आणि ‘र’ ही अक्षरे आपण अकारासह शिकवितो. शब्दात मात्र अंत्य ‘अ’ उच्चारला जात नाही. मूल प्रामाणिकपणे ‘घ-र’ असे म्हणते आणि त्यातून ‘घर्’ निघत नाही. ‘करवत’ या शब्दात तर मधला ‘अ’ही लोपतो. शाळेत चाळीस मुलांच्या सुरात ही अडचण लपते. घरी ती उघडी पडते, आईचा धीर सुटतो आणि मूल मंद असल्याचा ग्रह होतो. वस्तुतः दोष ना मुलाचा, ना आईचा. लिपी आणि उच्चार यांतील ते अंतर आहे. म्हणून अक्षरे जोडून शब्द करण्याऐवजी ओळखीचा शब्द आधी पुरा उच्चारावा व मग त्यातील अक्षरे दाखवावीत, हे अधिक युक्त.

ऱ्हस्व वेलांटीही अशीच. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची. तेव्हा काना व दीर्घ वेलांटी पक्की झाल्यावरच तिला हात घालावा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील दोन ‘च’ मात्र मुद्दाम शिकवू नयेत. शब्द ओळखीचा असला की मूल योग्य उच्चार आपसूक करते.

बोर्डी येथे १९४५ साली काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी भोवतालच्या वस्तूंतूनच शिक्षणसाहित्य घडविले. वाचनाच्या बाबतीत असे साहित्य म्हणजे मुलाचे स्वतःचे बोलणे. ते दिवसभरात जे बोलले त्यातील दोन वाक्ये संध्याकाळी लिहून त्याच्यापुढे ठेवावीत. घरात ‘पानी’ म्हणत असतील तर लिहिताना ‘पाणी’ असेच लिहावे, परंतु वाचताना मूल ‘पानी’ म्हणाले म्हणून त्याला अडवू नये. शब्द त्याने ओळखलेला आहे. ‘ण’चा उच्चार हा निराळा पाठ असून तो निराळ्या वेळी घ्यावा.