दोन लिटर रॉकेलची मोळी

कर्जतच्या शाखेत मी होतो ती १९८०च्या दशकातली गोष्ट. सकाळच्या वेळी डोंगरवाड्यांवरून ठाकूर-कातकरी बाया डोक्यावर मोळ्या घेऊन बाजारात उतरत आणि त्याच बाजारात रेशनच्या दुकानापुढे रॉकेलच्या डब्यांची रांग लागलेली असे. मोळीत जाळ किती आणि डब्यात किती, हा प्रश्न बँकेतल्या माणसाला पडणारच. दोन्ही रकमा एका चलनात आणल्याशिवाय आमचा हिशेब लागत नाही.

इथले चलन किलोकॅलरी. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता. प्रयोगशाळेत ग्रॅमभर रॉकेल जाड पोलादी भांड्यात, दाबाने भरलेल्या प्राणवायूत ठिणगी देऊन जाळतात आणि भोवतालचे पाणी किती तापले ते पाहतात. किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी भरतात. मात्र त्या बंद भांड्यात ज्वलनातून निघालेली वाफ निवते आणि आपली उष्णता परत देते. स्टोव्हवर ती वाफ सरळ खिडकीबाहेर जाते. म्हणून घरगुती हिशेबाला १०,३०० धरावेत. रॉकेल पाण्याहून हलके, लिटरचे वजन ८०० ग्रॅमच्या आसपास; तेव्हा लिटरला झाले ८,२००. पंचवीस अंशांच्या लिटरभर पाण्याला उकळी आणायला ७५ पुरतात. म्हणजे एका लिटर रॉकेलवर ११० लिटर पाणी उकळायला हवे! प्रत्यक्षात निम्मे उकळले तरी स्टोव्ह चांगला म्हणायचा. उरलेली उष्णता पातेल्याच्या कडेने निसटते आणि स्वयंपाकघर तापवते.

आता मोळी. वाळल्या लाकडात किलोला साधारण ३,५०० किलोकॅलरी. वीस किलोच्या मोळीत सत्तर हजार, म्हणजे आकडा रॉकेलला लाजवणारा. पण तीन दगडांच्या चुलीत भांड्यापर्यंत शंभरातले दहा-पंधराच पोचतात. बारा धरले तर ८,४००. दोन लिटर रॉकेलही भांड्याला एवढेच देते. डोंगर उतरून मान मोडेपर्यंत आणलेले ते ओझे एका हातातल्या छोट्या डब्याएवढे!

याच डोंगरांवरचे पाणी खाली आणून टाटांनी १९१५मध्ये खोपोलीला वीज काढली आणि ती मुंबईला नेली. खालापूरच्या वाड्यांतल्या चुली मात्र लाकडावरच राहिल्या.

आता रेशनच्या रॉकेलवरचे अनुदान गेले. गॅस आला, सिलिंडरमध्ये तोही दाबाखाली द्रवच असतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दीड लाखाहून अधिक किलोकॅलरी, त्यांतल्या लाखभर भांड्याला लागतात. बारा मोळ्या झाल्या. उज्ज्वला योजनेने २०१६पासून जोडणी दिली, तरी वाडीवरची बाई अजून रानात जाते. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा तिचा रोखीचा हिशेब मांडून पाहावा. रोजंदारीच्या घरात बारा मोळ्यांचे पैसे एका दिवशी काढायचे कुठून? मोळी रोख काही मागत नाही. ती दिवस खाते, डोळे खाते; त्याची नोंद कुठल्या पासबुकात होत नाही.

उज्ज्वलात पाच किलोचा सिलिंडरही घेता येतो. आमच्या मापाने तो चार मोळ्यांचा. कर्जाचा हप्ता कर्जदाराच्या मजुरीचा दिवस पाहून बांधावा, असे आम्ही शाखेत मानत असू. वाड्यांवर आधी हा लहान सिलिंडर पोचवावा, आणि तोही आठवडी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी हातात चार पैसे असतात.