मुक्या प्राण्यांसाठी रेकी : पूरक, पण पर्याय नव्हे

शहरी घरांतून कुत्री-मांजरे आता कुटुंबाचे सदस्य मानली जातात. साहजिकच, माणसांमध्ये रूढ झालेल्या पूरक उपचारपद्धती त्यांच्यासाठीही वापरल्या जाऊ लागल्या आहेत. रेकी ही त्यांपैकीच एक.

मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानमध्ये ही पद्धती सुरू केली. हवायो ताकाता यांच्यामार्फत ती हवाई बेटांवर आणि पुढे पाश्चात्त्य देशांत पोहोचली. उपचारकाच्या तळहातांतून वैश्विक जीवनशक्ती रुग्णाकडे प्रवाहित होते, अशी साधकांची श्रद्धा आहे. मात्र अशी शक्ती विज्ञानाला अद्याप मोजता आलेली नाही.

प्राण्याला रेकी देताना त्याला धरून ठेवले जात नाही. उपचारक शांत जागी थोड्या अंतरावर बसतो. प्राणी आपणहून जवळ आला तरच अंगावर अलगद हात ठेवतो. उठून गेला तर जाऊ देतो. दुखऱ्या जागेला स्पर्श टाळलेलाच बरा.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांना रोज १५ मिनिटे ९० डेसिबलचा गोंगाट ऐकवण्यात आला. रेकी दिल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके कमी झाले, रेकीचा नुसता अभिनय केल्यावर तसे झाले नाही. रक्तदाबावर मात्र परिणाम दिसला नाही. शिवाय उंदीर होते अवघे तीन. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

‘प्राण्यांच्या मनात श्रद्धा नसते, तेव्हा त्यांना आलेला गुण खराच असणार,’ असा युक्तिवाद केला जातो. परंतु श्रद्धा पाहणाऱ्याच्या मनात असू शकते. सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधी गुण नसलेली गोळी दिलेल्या कुत्र्यांच्या पायांवरील भार यंत्राने मोजला असता सुधारणा दिसत नव्हती; तरीही अनेक मालकांना, इतकेच नव्हे तर पशुवैद्यकांनाही, ती झाल्यासारखी वाटली.

खरा धोका येथेच आहे. प्राणी वेदना लपवतात. शांत पडून राहिलेले जनावर बरे होत असेल किंवा खंगतही असेल. नर मांजराची लघवी अडली किंवा मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट अचानक फुगून त्याला कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्या, तर काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांनाच आहे. निदान करणे किंवा औषधे बंद करायला सांगणे हे रेकी उपचारकाचे काम नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, दिवाळीतील फटाक्यांची भीती किंवा वार्धक्य अशा प्रसंगी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, औषधे चालू ठेवून रेकी देण्यास हरकत नसावी. शांत सहवास आणि मायेचा हात प्राण्याला सुखावतो, हे कोणत्याही पशुपालकाला ठाऊक असते. मात्र आधी निदान, मग औषध आणि त्यानंतर रेकी, हा क्रम चुकता कामा नये.